तक्रार घेऊन आलेला पालक

खेड्यातील पालक वर्षातून फार तर एकदोनदा शाळेची पायरी चढतो. नाव घालण्यासाठी, दाखल्यासाठी, आणि मध्येच आला तर बहुधा रागावून. त्या दिवसाची मजुरी बुडवून, वाटेने मनाशी बोलणे जुळवीत तो आलेला असतो. त्याचा आवाज चढलेला असला, तरी शाळेविषयी त्यास काही वाटते याचेच ते लक्षण होय. ज्यास काहीच वाटत नाही तो भांडावयास येत नाही. त्याचे मूल मात्र हळूहळू दिसेनासे होते.

प्रथम विचार करावा तो स्थळाचा. वर्गाच्या दारात, मुलांच्या देखत शब्दास शब्द लागला, की शिक्षक व पालक या दोघांसही माघार घेणे अवघड जाते. म्हणून मुलांस वाचन नेमून देऊन पालकास व्हरांड्यात बसवावे आणि पाणी द्यावे. (चहाची आवश्यकता नाही, त्यात वेळ जातो व विषय भलतीकडे वळतो.) नंतर त्याचे म्हणणे संपेपर्यंत खुलासा करू नये. ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही, कारण दिवसभर बोलणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांस ऐकणे जड जाते. मुलास समोर उभे करून "खरे सांग" असे तर कधीही म्हणू नये. बाप आणि गुरुजी यांपैकी एकास खोटे ठरविण्याचे ओझे आठ वर्षांच्या मुलावर घालणे अन्यायाचे आहे.

सर्वांत तीव्र तक्रार माराविषयीची असते. "गुरुजी, पोराचा कान सुजलाय. असा काय गुन्हा केला त्यानं?" असे एखादी आई विचारते, तेव्हा मुलाच्या खोड्यांची यादी वाचणे हे उत्तर नव्हे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई करते. मुलाच्या हितासाठी मारले, ही सबब तेथे चालत नाही. हात उगारला गेला असेल, तर "ताई, हे व्हायला नको होते, पुन्हा होणार नाही" असे सरळ सांगावे आणि मुख्याध्यापकांस त्याच दिवशी कळवावे. याच्या उलट, "हाणा की दोन, त्याशिवाय वठणीवर येत नाही" असा आग्रह धरणारे आजोबाही भेटतात. त्यांस कायद्याचा आधार दाखवून नकार देणे सोपे आहे. परंतु मूल घरी काय करते, कोणाचे ऐकते, हे विचारले तर पुढचे बोलणे अधिक उपयोगी होते.

या जिल्ह्यातील खरी कसोटी दिवाळीच्या सुमारास लागते. ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागतात आणि बाप मुलीस नेण्यासाठी शाळेत येतो. अशा वेळी कायद्याचा धाक घालण्याचा मोह होतो. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यात मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंडाची तरतूद होती. २००९ च्या कायद्याचे कलम १० पालकाचे कर्तव्य सांगते, पण त्यासाठी शिक्षा सांगत नाही. म्हणजे धाक पोकळ ठरतो, आणि पालकास ते ठाऊक असते. त्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि तान्ह्या भावास कोपीपाशी सांभाळण्यास मोठ्या मुलीवाचून कोणी नसते. ही अडचण आळसाची नव्हे. तेव्हा "का नेता?" असे न विचारता "धाकट्यास कोण सांभाळील? आजी गावात राहणार आहे काय?" असे विचारावे. आजी राहणार असेल आणि त्या गावी हंगामी वसतिगृहाची सोय असेल, तर अनेकदा तोड निघते. मात्र आजीशी बोलणे बापाच्या संमतीने, तिच्या घरी जाऊन व्हावे. खरा भार तिच्यावर पडावयाचा असतो.

मुलगी जाणारच असे ठरले, तरी संबंध तोडू नये. "गेलीस तर नाव कमी करीन" हे वाक्य परतीची वाट बंद करते. शिक्षण हमी कार्ड भरून द्यावे, पुस्तके बरोबर द्यावीत, कोणत्या कारखान्याकडे टोळी जाते ते लिहून घ्यावे. दाखला मागितल्यास तो अडवू नये. कलम ५ प्रमाणे तो तत्काळ दिला पाहिजे, आणि दाखल्यास उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेस प्रवेश नाकारता येत नाही. हे बापास सांगून ठेवणे अगत्याचे, कारण परक्या गावच्या शाळेपुढे तो संकोचाने बोलत नाही.

अक्कलकोट व दक्षिण सोलापूर या तालुक्यांत कानडी बोलणारी घरे पुष्कळ आहेत. तेथे आईचे मौन म्हणजे संमती समजू नये. दुभाषा म्हणून तिच्याच मुलास बसविले, तर तक्रारीतील अर्धा भाग गळतो. शाळा व्यवस्थापन समितीतील एखाद्या कानडी जाणणाऱ्या भगिनीस बोलवावे. या समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात, तेव्हा अशी भगिनी बहुधा सापडते.

पालक गेल्यावर तारीख, तक्रार आणि दिलेला शब्द एवढ्या तीन गोष्टी नोंदवहीत लिहाव्यात. आठ दिवसांत निरोप द्यावयाचा ठरले असेल, तर काम झाले नसले तरी निरोप जावा. मोबाइलवरील गावाच्या समूहात मात्र त्या मुलाचे नाव येऊ देऊ नये.