मूल बोलू लागते ते घरात

आपल्या समाजात शिक्षणाची ओढ आज फार मोठी आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात अशी कितीतरी घरे आहेत, की आईवडील पोटाला चिमटा घेऊन मुलाला चांगल्या शाळेत घालतात. याचा आम्हास अभिमानच आहे. परंतु दप्तर, गणवेश, शिकवणी यांच्या धांदलीत एक गोष्ट मागे राहते. शाळेत जाण्यापूर्वीच्या पहिल्या चार-पाच वर्षांत मुलाशी घरात कोण बोलते, आणि किती बोलते?

अंबरनाथच्या एका चाळीतील घर आम्हास ठाऊक आहे. मुलगा तीन वर्षांचा होत आला, तरी चार-पाच शब्दांपलीकडे बोलेना. वडील पहाटेच्या लोकलने जात, आई सकाळी कामावर जाई. घरी आजी असे, अकोल्याकडची. मुलाच्या प्रवेशासाठी गेले असता एका शाळेत सांगण्यात आले, की घरी इंग्रजीतच बोला. आईवडिलांना इंग्रजी बेताचे, आजीला मुळीच नाही. तेव्हा आजीने मुलाशी आपल्या गावंढळ बोलीत बोलू नये असे ठरले आणि मुलाच्या हाती मोबाईल आला. पाणी हवे असले की मूल आजीचा पदर ओढून माठाकडे बोट दाखवी, आजी निमूटपणे पाणी देई. आम्ही विचारले, "आजी, तुम्ही याच्याशी बोलत का नाही?" म्हणाली, "माही बोली पोट्ट्याच्या तोंडी बसन म्हणते. मंग मी चूपच राह्यते."

या घरातील कोणाचीही माया कमी नव्हती. चूक झाली ती समजुतीत.

मूल भाषा शिकते ती केवळ कानावर पडून नव्हे, तर देवाणघेवाणीतून. दोन-तीन महिन्यांचे बाळ हुंकार देते. आई 'हो का गं?' म्हणते, मग थांबते. बाळ पुन्हा हुंकारते. संभाषणाचा पहिला धडा तो हाच. सहा-नऊ महिन्यांत बा-बा, दा-दा असे आवाज येतात, वर्षाच्या सुमारास पहिला शब्द येतो, दोन वर्षांचे मूल 'आई ये', 'दूध दे' असे दोन शब्द जोडू लागते. या प्रत्येक पायरीवर त्याला उत्तर देणारे माणूस लागते. मोबाईल दिवसभर बोलतो, पण मुलाने काही म्हटले तर उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले, की दोन वर्षांखालील बाळाला पडद्यासमोर बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलालाही दिवसाला तासापेक्षा जास्त नको.

आता बोलीचा प्रश्न. आपली माणसे विदर्भातून, मराठवाड्यातून, कोकणातून इकडे आली. एका घरात 'पोट्टा' म्हणतात, दुसऱ्यात 'लेकरू'. शेजारी सिंधी, दुकानात हिंदी. उल्हासनगरची वस्तीच मुळी फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांची. 1949 साली तिला हे नाव मिळाले. अशा गल्लीत मूल गोंधळून जाईल अशी भीती पालकांना वाटते. ती निराधार आहे. दोन-तीन भाषा ऐकल्याने मूल मुके होत नाही; ते माणसामाणसाप्रमाणे भाषा बदलायला शिकते. आजी जी बोली पोटातून बोलते, तिच्यात गोष्ट असते, ओवी असते, रागावणे आणि समजावणे असते. आईवडिलांच्या तोडक्या इंग्रजीत 'कम, सिट, ईट' एवढेच असते. इंग्रजी शाळेत जरूर शिकावे, तिला आमचा विरोध नाही. पण घरात मोकळेपणाने बोलायला शिकलेले मूल दुसरी भाषाही अधिक सहज उचलते. घरची भाषा हा पाया आहे हे 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही मानले आहे.

हे आपल्याकडे फार आधी ओळखले गेले होते. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. बोर्डी तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघरमध्ये आहे. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तेथला. 1957 साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेले. शंख-शिंपले, पाने, बिया हीच तेथली साधने. 1975 पासून सरकारी योजनेतून देशभर अंगणवाड्या निघाल्या, त्यांचे मूळ या अंगणात आहे. मुलाने आपले घर दाराबाहेर टाकून शिकायला यावे, अशी अट तेथे नव्हती.

वेळ नाही, ही पालकांची तक्रार खरी आहे. कर्जत लोकलमध्ये दोन्ही वेळा उभे राहून आलेल्या माणसाला उपदेश करणे आम्हास शोभणार नाही. पण निराळा वेळ काढावा लागत नाही. अंघोळ घालताना 'आता पाठ, आता पाय' म्हणावे. भाजी निवडताना मेथी-कोथिंबीर हातात देऊन वास घ्यायला सांगावे. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी ही स्टेशने ओळीने म्हणणे मुलांना फार आवडते. मध्येच एखादे गाळावे, मूल लगेच चूक पकडते. ते 'तोपी' म्हणाले तर हसू नये, रागावूही नये, 'हो, टोपी! कुठाय टोपी?' एवढे पुरे. आणि प्रश्न विचारल्यावर थोडे थांबावे. मोठ्यांना हेच सर्वांत जड जाते.

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. मूल बोलत नसेल तर जिभेला वेखंड चोळत वर्ष घालवू नये. आधी कान पाहावा. पुष्कळ मुलांचा कान वाहतो आणि आपण 'दात येताहेत' म्हणून सोडून देतो. त्यात ऐकू येणे कमी होते. वर्षाचे मूल आवाजाकडे वळत नसेल, दोन वर्षांचे दोन शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात दाखवावे. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून याच कामासाठी आहे. 2013 पासून अंगणवाडीतही तपासणी पथके येतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

त्या अंबरनाथच्या मुलाचेही कान तपासले. ऐकू चांगले येत होते. मग आजीला बोलायची मोकळीक मिळाली. पहिले काही आठवडे काहीच घडले नाही, सुनेचा धीर सुटत चालला होता. सात-आठ महिन्यांनी आम्ही गेलो तेव्हा मूल उंबऱ्यात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होते, "काऊन?" आई जरा ओशाळली, म्हणाली, "बघा, आजीचाच शब्द उचलला." आजी आतून कणीक मळता मळता त्याच्या प्रत्येक 'काऊन'ला उत्तर देत होती.