सवलतीचा प्रोसेसर कसा पारखावा?

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली किंवा तुमच्या गावातील संगणकाचे दुकान, कोठेही गेलात तरी एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. कांद्याबटाट्यासारखी प्रोसेसरची एकच एक किंमत नसते. एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या, दिसायला हुबेहूब सारख्या दोन प्रोसेसरांपैकी एक दुसऱ्याच्या दुप्पट किमतीला मिळतो. त्यातच एखाद्यावर 'खास सूट' अशी चिठ्ठी लावलेली असते. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून जमवलेली रक्कम हातात असते, किंवा शाळेच्या प्रयोगशाळेला मिळालेले ठरावीक अनुदान असते. अशा वेळी चिठ्ठी पाहून हुरळून जावे की सावध व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर बरेचसे पदार्थविज्ञानात आणि थोडेसे अंकगणितात आहे. स्वस्ताई कशामुळे आली हे कळले की ती घ्यावी की सोडावी हे ठरवता येते. म्हणून आपण प्रथम कारणांचा शोध घेऊ.

चकती आणि प्रतवारी

प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मध्यवर्ती प्रक्रियक, सिलिकॉन या अर्धवाहक पदार्थाच्या पातळ, गोल चकतीवर तयार करतात. आजकाल ही चकती बहुधा ३०० मिलिमीटर व्यासाची असते. तिचे क्षेत्रफळ काढून पाहा. त्रिज्या १५ सेंटिमीटर, म्हणून क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस सेंटिमीटर. एका चिपचे क्षेत्रफळ २ चौरस सेंटिमीटर धरले आणि कडेच्या अर्धवट चिपा सोडल्या, तर एका चकतीतून सुमारे ३०० चिपा निघतील.

आता समजा, दर १० चौरस सेंटिमीटरमागे सरासरी एक सूक्ष्म दोष राहतो. मग आपल्या ३०० चिपांवर एकूण ६० दोष विखुरलेले असतील. काही चिपांवर दोन दोष एकत्र पडतील, म्हणून सदोष चिपांची संख्या ६० पेक्षा थोडी कमी, सुमारे ५४ येते. उरलेल्या २४६ चिपा निर्दोष.

हीच चिप चौपट मोठी केली तर काय होईल? चिपा ७५ निघतील, पण दोष तेवढेच, म्हणजे ६० राहतील. संभाव्यतेच्या नियमाने यांतील सुमारे ३४ चिपाच निर्दोष निघतात. चकतीचा खर्च तोच. पूर्वी तो २४६ चिपांत वाटला जात होता, आता ३४ चिपांत वाटला जाईल. चिप चौपट मोठी झाली, पण खर्च मात्र सातपटीहून अधिक झाला! मोठे प्रोसेसर महाग का असतात याचे एक मुख्य कारण येथे दिसते.

मग सदोष चिपा फेकून द्यायच्या का? कोकणातला बागाईतदार एकाच कलमाचे आंबे आकारानुसार वेगवेगळ्या पेट्यांत भरतो आणि पेटीनुसार भाव लावतो. कारखानदारही तेच करतो. प्रोसेसरमध्ये गणित करणारे अनेक स्वतंत्र गाभे असतात, त्यांना 'कोअर' म्हणतात. आठ कोअरांच्या चिपमधील एक कोअर बिघडलेला निघाला, तर तो आणि आणखी एक असे दोन कोअर कायमचे बंद करून ती चिप सहा कोअरांची म्हणून विकता येते. एएमडी कंपनीने २०१९ साली आणलेल्या रायझेन मालिकेत आठ कोअरांचा '३७००एक्स' आणि सहा कोअरांचा '३६००' हे दोन्ही प्रोसेसर एकाच प्रकारच्या आठ कोअरी चिपेपासून बनवलेले होते. त्याच कंपनीने २००८ साली तीन कोअरांचा 'फेनम' आणला होता, तोही मुळात चार कोअरांचाच.

कधीकधी निर्दोष भागही मुद्दाम बंद ठेवतात. इंटेलने १९९१ साली '४८६ एसएक्स' हा स्वस्त प्रोसेसर काढला. त्याच्या सुरुवातीच्या चिपा म्हणजे १९८९ सालच्या महाग '४८६ डीएक्स'च्याच चिपा होत्या. फक्त अपूर्णांकांचे गणित करणारा विभाग त्यांत बंद केलेला होता. कमी ऐपतीच्या ग्राहकासाठी कमी किमतीचा माल बाजारात असावा, हा त्यामागचा हेतू.

यावरून पहिला निष्कर्ष असा की, प्रतवारीमुळे स्वस्त झालेला प्रोसेसर हा फसवा माल नव्हे. जेवढे कोअर चालू म्हणून सांगितले आहेत, तेवढे तपासून दिलेले असतात.

गिगाहर्ट्‌झचा भुलभुलैया

प्रोसेसरमधील कामे एका ठोक्याच्या तालावर चालतात. दर सेकंदाला किती ठोके, ती त्याची वारंवारता. ४ गिगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला ४०० कोटी ठोके. पण नुसते ठोके मोजून काम कळत नाही. एक मजूर मिनिटाला वीस पाट्या उचलतो आणि दुसरा पंधरा. पण दुसऱ्याची पाटी दुप्पट मोठी असेल, तर जास्त माती कोण वाहील? म्हणून

सेकंदातील काम = एका ठोक्यातील काम × वारंवारता

हे सूत्र ध्यानात ठेवा. इंटेलच्या पेंटियम ४ प्रोसेसरची वारंवारता २००४ साली ३.८ गिगाहर्ट्‌झपर्यंत गेली होती. २००६ साली आलेला २.४ गिगाहर्ट्‌झचा 'कोअर २ ड्युओ' मात्र बहुतेक कामांत त्याच्यापेक्षा सरस ठरला. तेव्हा दोन वेगवेगळ्या पिढ्यांचे प्रोसेसर केवळ गिगाहर्ट्‌झवरून तोलू नयेत.

वारंवारता वाढवली की उष्णताही वाढते. प्रोसेसरमधील कोट्यवधी सूक्ष्म स्विचे सतत चालू-बंद होतात. त्यात खर्च होणारी शक्ती पुढील प्रमाणात असते :

शक्ती ∝ धारिता × (विभवांतर)² × वारंवारता

विभवांतराचा वर्ग आहे, हे विशेष पाहा. वारंवारता दीडपट केली आणि ती पेलण्यासाठी विभवांतर १० टक्क्यांनी वाढवले, तर शक्ती १.५ × १.२१, म्हणजे सुमारे १.८ पट होते. १९९८ सालचा 'सेलेरॉन ३०० ए' हा स्वस्त प्रोसेसर ६६ मेगाहर्ट्‌झच्या साडेचारपट, म्हणजे ३०० मेगाहर्ट्‌झवर चालत असे. हौशी मंडळींनी मूळ ताल १०० मेगाहर्ट्‌झ केला आणि यातील बरेच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्‌झवर धावू लागले! छापलेली वारंवारता ही कारखानदाराने दिलेली हमी असते, प्रत्येक चिपची कमाल मर्यादा नव्हे, हे यावरून दिसते. मात्र हमीच्या पलीकडचा वेग हा ज्याच्या त्याच्या जबाबदारीवर घ्यायचा असतो.

दुकानदार स्वस्त का देतो?

आतापर्यंत कारखान्यातील कारणे पाहिली. आता दुकानात येऊ. अमेरिकेत 'मायक्रो सेंटर' नावाची दुकानांची साखळी आहे. १९७९ साली ओहायो राज्यातील कोलंबस येथे तिची सुरुवात झाली. तेथे प्रोसेसर इतरांपेक्षा स्वस्त मिळतात अशी तिची ख्याती आहे, पण यांतील बऱ्याच सवलती प्रत्यक्ष दुकानात येणाऱ्यालाच मिळतात, माल घरपोच पाठवला जात नाही. तिकडे शिकायला गेलेले आपल्याकडचे विद्यार्थीही त्यासाठी लांबून गाडी करून जातात.

दुकान नफ्यावर पाणी का सोडते? कारण एकटा प्रोसेसर कोणाच्याच उपयोगाचा नाही. त्याला मदरबोर्ड हवा, रॅम हवी, वीजपुरवठ्याचा डबा हवा. गिऱ्हाईक एकदा दारात आले की या वस्तू ते तेथेच घेते. आपल्या किराणा दुकानदाराने साखर कमी भावात द्यावी आणि बाकीचे सामान नेहमीच्या भावात, तसाच हा प्रकार. त्यात फसवणूक नाही. पण हिशेब साखरेचा न करता सगळ्या यादीचा करावा लागतो.

दुकानातील सुटीची आणखी दोन कारणे असतात. नवी पिढी आली की जुनी पिढी स्वस्त होते. आणि कधी प्रोसेसर मूळ खोक्याऐवजी 'ट्रे'मधील, म्हणजे सुटा असतो. खोक्यातील प्रोसेसरला कंपनीची थेट वॉरंटी असते. सुट्याची वॉरंटी बहुधा विक्रेत्यावर अवलंबून असते आणि सोबत पंखाही नसतो.

खरी किंमत कशी काढावी?

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. समजा, प्रोसेसर 'अ' सवलतीत ८,००० रुपयांना आणि प्रोसेसर 'ब' १२,००० रुपयांना आहे. 'अ' एका तासात १०० एकके काम करतो, तर 'ब' १२५ एकके. दर एककाला 'अ' ८० रुपये पडतो आणि 'ब' ९६ रुपये. तेव्हा 'अ' स्वस्त, असे वाटते.

पण काम एकटा प्रोसेसर करत नाही, संपूर्ण संगणक करतो. बाकीच्या भागांना दोन्हीकडे २०,००० रुपये लागतात असे धरा. मग 'अ'चा संगणक २८,००० रुपयांचा, म्हणजे दर एककाला २८० रुपये. 'ब'चा ३२,००० रुपयांचा, म्हणजे दर एककाला २५६ रुपये. उत्तर उलटे झाले! प्रोसेसरच्या किमतीला प्रोसेसरच्या कामाने भागणे ही येथील चूक आहे. भाज्य म्हणून संपूर्ण यंत्राची किंमत घेतली पाहिजे.

याला एक अट आहे. 'ब'चे जादा काम तुम्हांला खरोखर लागले पाहिजे. पत्रे टंकलिखित करणे, तक्ते करणे, प्रोग्रॅमिंगचे पहिले धडे गिरवणे यांत प्रोसेसर बहुतेक वेळ तुमच्या बोटांचीच वाट पाहत बसतो. तेथे 'अ' घ्यावा आणि वाचलेले ४,००० रुपये अधिक रॅमसाठी वापरावेत, हेच शहाणपणाचे.

विजेचाही हिशेब करू. एक प्रोसेसर ६५ वॅटचा आणि दुसरा १२५ वॅटचा. फरक ६० वॅट. रोज ८ तास, वर्षाचे ३०० दिवस, सतत पूर्ण भार असला तर १४४ युनिटे जास्त जळतील. ८ रुपये दराने ते वर्षाला १,१५२ रुपये झाले. पण शाळेतील संगणकावर पूर्ण भार क्वचितच असतो. तो चौथाई वेळ धरला तर हा आकडा २८८ रुपयांवर येतो. म्हणजे एका संगणकापुरता हा खर्च गौण, पण चाळीस संगणकांच्या प्रयोगशाळेत तो वर्षाला ११,५२० रुपये होतो. शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावे.

दुकानात विचारायचे प्रश्न

१. हा कोणत्या मदरबोर्डवर बसतो? खोबणीचे नाव सारखे असणे पुरेसे नाही. इंटेलच्या सहाव्या, सातव्या आणि आठव्या पिढीची खोबण 'एलजीए ११५१' याच नावाची आहे. तरीही २०१७ साली आलेले आठव्या पिढीचे प्रोसेसर आधीच्या पिढ्यांच्या मदरबोर्डवर चालत नाहीत.

२. चित्र दाखवण्याची सोय आत आहे का? इंटेलच्या क्रमांकाअखेर 'एफ' असेल तर ती बंद केलेली असते, आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते. हजार रुपये वाचवून काही हजारांचे कार्ड घेणे ही बचत नव्हे.

३. पिढी कोणती? चौदाव्या पिढीपर्यंतच्या इंटेल कोअर प्रोसेसरांत ती क्रमांकावरूनच बहुधा कळते. 'आय-५ ८४००' आठव्या पिढीचा, 'आय-५ १२४००' बाराव्या. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ला इंटेलचे मुख्यतः आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर अधिकृतपणे चालतात. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याहून जुना प्रोसेसर घेणार असाल तर लिनक्सची तयारी ठेवा.

४. नवा की वापरलेला? जादा विभवांतराने चिप हळूहळू झिजते. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत असा दोष आढळला. २०२४ साली कंपनीने सुधारित मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. सुधारणेने पुढची झीज टळते, पण झालेली भरून येत नाही. असा वापरलेला प्रोसेसर वॉरंटीविना घेऊ नये.

५. पक्के बिल मिळेल का? त्यावर प्रोसेसरचा क्रमांक लिहून घ्या. बिल नाही तर वॉरंटीचा आग्रह कशाच्या आधारे धरणार?

या पाचही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली आणि संपूर्ण संगणकाचा हिशेबही जमला, तर ती सूट अवश्य घ्या. एकाही प्रश्नावर दुकानदार घुटमळला, तर नमस्कार करून शेजारच्या दुकानात जा.

करून पाहा

(१) वरील उदाहरणात बाकीच्या भागांचा खर्च २०,००० ऐवजी किती असता, तर 'अ' आणि 'ब' दर एककाला सारखेच पडले असते?

(२) विभवांतर १० टक्क्यांनी आणि वारंवारताही १० टक्क्यांनी कमी केली, तर प्रोसेसरची शक्ती मूळच्या किती टक्के राहील?

(३) जवळच्या दोन दुकानांतून एकाच प्रोसेसरचे, आणि त्यासह पूर्ण संगणकाचे, असे दोन-दोन भाव आणा. कोणते दुकान कशात स्वस्त आहे याचा तक्ता करून वर्गात चर्चा करा.

(उत्तरे : (१) ८,००० रुपये. (२) सुमारे ७३ टक्के.)