बाथरूमची बुरशी काढण्याचा व्यवसाय: विकायचं काय, घासणं की कोरडेपणा?



घरगुती स्वच्छतेच्या व्यवसायांवरच्या व्हिडिओत एक विषय मी दोन मिनिटांत उरकला. तो दोन मिनिटांचा नाहीच. विषय आहे बाथरूममधली बुरशी, आणि तीसुद्धा ऍसिड-ब्लीच न वापरता काढायची. भांडवल कमी लागतं, दुकान लागत नाही आणि पावसाळ्यात मुंबई-ठाणे-कोकणात प्रत्येक बिल्डिंगमध्ये गिऱ्हाईक आहे. त्यामुळे आपल्या बॅचमधल्या बऱ्याच जणांना हा व्यवसाय सोपा वाटतो. मलाही आधी तसंच वाटायचं.

मग आमच्या बॅचमधल्या डोंबिवलीच्या एका ताईंनी पहिली ऑर्डर घेतली. पाचशे रुपयांत एक बाथरूम, "केमिकल न वापरता". मोबाईलवर बघितलेल्या रेसिपीप्रमाणे त्यांनी व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र केला, फेस आला, सगळीकडे फवारला, दोन तास घासलं. बाथरूम चकाचक झालं. फोटो काढले, स्टेटसला टाकले. संध्याकाळी गिऱ्हाईकाचा फोन आला, बाथरूमच्या दाराचा पांढरा संगमरवरी उंबरठा फिकट पडलाय, हात लावला तर खरखरीत लागतोय. पॉलिशवाल्याने अठराशे रुपये घेतले, ते ताईंनी दिले. आणि पंधरा दिवसांनी दुसरा फोन: "अहो ताई, कोपऱ्यातली बुरशी परत आली की!"

पाचशे कमावले, अठराशे गेले आणि गिऱ्हाईकही गेलं. ताई मेहनतीला कमी पडल्या नव्हत्या. त्यांना दोन गोष्टी माहीत नव्हत्या: कोणत्या पृष्ठभागावर काय चालतं, आणि बुरशी येतेच का.

दुसरी गोष्ट आधी घेऊ, कारण पैसे तिच्यात आहेत.

बुरशीचे बीजाणू हवेत कायमच असतात, ते तुम्ही थांबवू शकत नाही. त्यांना खायला साबणाचा थर, अंगाचा मळ, रंगाचा पापुद्रा, काहीही चालतं. उबदार हवा आपल्याकडे बारा महिने आहे. उरतं फक्त पाणी. ओल एक-दोन दिवस टिकली की बुरशी धरायला सुरुवात होते, म्हणून ओलं झालेलं २४ ते ४८ तासांत कोरडं करा असं सांगितलं जातं. आता आपल्या फ्लॅटमधलं बाथरूम आठवा. सकाळी सहा ते नऊ चार माणसांच्या अंघोळी, मग कपडे, मग दार बंद. काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीला डास नकोत म्हणून जाळी आणि जाळीवर वर्षाची धूळ. एक्झॉस्ट फॅन आहे, पण वीजबिल वाढेल म्हणून बंद. अशा बाथरूममध्ये तुम्ही काहीही फवारा, पंधरा दिवसांनी फोन येणारच.

म्हणून पहिल्या भेटीत बाटली काढू नका. आधी बघा. बुरशी कुठे आहे? शॉवरखालच्या टाइल्सच्या जॉइंटमध्ये आणि छताच्या कोपऱ्यात ठिपके-ठिपके असतील तर ती बहुतेक वाफेची ओल. एकाच जागी मोठा डाग, रंगाचे पोपडे, भिंतीवर पांढरी खार, तर पाणी आतून येत असण्याची शक्यता जास्त. शंका असेल तर सोपी चाचणी आहे. छताचा किंवा भिंतीचा रंगवलेला भाग पुसून वाळू द्या, त्यावर साधारण एक फूट चौरस जाड प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक दिवस राहू द्या. थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे आले, तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला आले तर ती खोलीतली वाफ.

भिंतीतून येत असेल तर काम घेऊ नका. हो, नाही म्हणा. तो प्लंबरचा, वॉटरप्रूफिंगवाल्याचा आणि वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा विषय आहे. "आधी गळती काढा, मग मी येते" असं ज्या गिऱ्हाईकाला तुम्ही सांगता, ते दुरुस्तीनंतर तुम्हालाच बोलावतं. ताईंचा अनुभव तरी तसा आहे.

आता पृष्ठभाग. व्हिनेगर म्हणजे पाण्यात साधारण चार-पाच टक्के ऍसेटिक ऍसिड. सौम्य असलं तरी ते ऍसिडच. संगमरवर, कोटा, शहाबादी, संगमरवराचे तुकडे घातलेली जुनी मोझॅक लादी, या सगळ्यांत कॅल्शियम कार्बोनेट असतं आणि ऍसिड ते खातं. ताईंचा उंबरठा असाच गेला. टाइल्सच्या फटीतलं व्हाइट सिमेंटसुद्धा वारंवार व्हिनेगर मारलं की झिजतं. म्हणजे नेमकं जिथे बुरशी जास्त, तिथेच व्हिनेगर रोजचं औषध म्हणून चालत नाही. ते ठेवा चकचकीत टाइल, काच, पीव्हीसीचं दार आणि प्लॅस्टिकचा पडदा यांच्यासाठी. फवारा, तासभर ठेवा, घासा, भरपूर पाण्याने धुवा. नळावर जास्त वेळ ठेवू नका.

आणि तो फेस! व्हिनेगरमध्ये सोडा घातला की ऍसिड आणि अल्कली एकमेकांना मारतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि बाटलीत उरतं सोडियम ऍसिटेटचं पाणी, जे ना धड व्हिनेगर ना धड सोडा. बघायला छान, व्हिडिओला तर फारच छान. दोन्ही वापरायचे असतील तर वेगवेगळे वापरा. सोड्याची पाण्यात घट्ट पेस्ट करून जॉइंटवर लावा आणि जुन्या टूथब्रशने घासा. साबणाचा चिकट थर त्याने चांगला सुटतो आणि लादीवर ओरखडे पडत नाहीत.

जॉइंटसाठी माझी पसंती हायड्रोजन पेरॉक्साइडला आहे. मेडिकलमध्ये जखम धुवायला मिळतं तेच. बाटलीवरची टक्केवारी वाचा. ६ टक्के असेल तर तेवढंच पाणी घालून ३ टक्के करा. जॉइंटवर मारा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा, घासा, पुसा. ते मोडून पाणी आणि ऑक्सिजन होतं, मागे वास राहत नाही. उजेडात ते लवकर निकामी होतं, म्हणून मूळच्या गडद बाटलीतच ठेवा आणि पातळ केलेलं त्याच दिवशी संपवा. रंगीत टॉवेल, पायपुसणं आधी बाहेर काढा, रंग उडतो. व्हिनेगर आणि पेरॉक्साइड एका बाटलीत कधीच मिसळू नका, त्यातून डोळ्यांना आणि घशाला जाळणारं पेरऍसेटिक ऍसिड तयार होतं.

बेसिनच्या कडेच्या सिलिकॉनमध्ये बुरशी आतपर्यंत गेली असेल तर ती घासून निघत नाही. तिथे तास घालवू नका. जुनं सिलिकॉन ब्लेडने काढायचं, जागा पूर्ण वाळवायची आणि बाथरूमसाठीचं बुरशीरोधक सिलिकॉन भरायचं. हे शिकून घ्या, त्याचे वेगळे पैसे मिळतात.

आता सगळ्यात गंभीर भाग. तुम्ही केमिकल वापरत नसाल, पण गिऱ्हाईकाने काल वापरलेलं असतं. आदल्या दिवशी कुणी ब्लीच टाकलंय, ते नीट धुतलेलं नाही, आणि तुम्ही वर व्हिनेगर मारलं, तर क्लोरीन वायू सुटतो. टॉयलेट क्लीनर किंवा टाइल्सचं ऍसिड आणि ब्लीच एकत्र आले तर तो आणखी जोरात सुटतो. अमोनिया असलेला काच साफ करायचा द्रव ब्लीचमध्ये मिसळला तरी विषारी वायूच. चार बाय सहाच्या बंद बाथरूममध्ये तुम्ही गुडघ्यावर बसून घासताय, विचार करा. म्हणून दारातच विचारायचं, "काकू, दोन दिवसांत इथे काय काय टाकलंय? बाटल्या दाखवता का?" लाजू नका. आणि घरकाम करणाऱ्या मावशींनाही विचारा, कारण बऱ्याचदा खरं उत्तर त्यांच्याकडे असतं. काहीही टाकलेलं असेल तर आधी खिडकी-दार उघडून साध्या पाण्याने भरपूर धुवायचं आणि त्या दिवशी व्हिनेगरला हात लावायचा नाही. काम करताना उग्र वास आला, डोळे चुरचुरले, खोकला लागला, तर सामान तिथेच टाकून मोकळ्या हवेत या. धुऊन टाकते म्हणून परत आत जाऊ नका. श्वासाचा त्रास थांबत नसेल तर सरळ डॉक्टरकडे.

कोरडी बुरशी कधीच घासू नका, बीजाणू उडतात आणि ते आधी तुमच्या नाकात जातात. आधी ओलं करा, मग घासा. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा. पुसलेली फडकी पिशवीत बांधून बाहेर न्या. बुरशी मारून तशीच ठेवली तरी उपयोग नाही, मेलेल्या बुरशीनेही ऍलर्जी होते, ती तिथून निघालीच पाहिजे. तुम्हाला स्वतःला दमा असेल तर हा व्यवसाय निवडू नका, दुसरे खूप आहेत. आणि अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए साधारण दहा चौरस फुटांपर्यंतची बुरशीच स्वतः साफ करायला सांगते. सुरुवातीला तुम्हीही हीच मर्यादा ठेवा.

विक्रीबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो. २०२१ मध्ये कोविडच्या काळात "काळी बुरशी" हा शब्द लोकांनी भीतीने ऐकला. तो आजार म्युकरमायकोसिस, वेगळ्या गटातल्या बुरशीमुळे होणारा. बाथरूमच्या टाइलवर काळं दिसतं ते सहसा क्लॅडोस्पोरियमसारख्या बुरशीमुळे. ऍलर्जी आणि दमा असलेल्यांना तिचा त्रास होतो हे खरं, तेवढं सांगा. पण "काकू, हीच ती काळी बुरशी" असं म्हणून ऑर्डर घेऊ नका. मी असं करणारे पाहिलेत.

तसंच "१०० टक्के नैसर्गिक" हा शब्द. दुकानातलं स्वस्त व्हिनेगर बहुतेक वेळा सिंथेटिक असतं, लेबलवर लिहिलेलं असतं. पेरॉक्साइड तर कारखान्यातलंच. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्यात. "नैसर्गिक", "इको-फ्रेंडली" असे शब्द नुसते मोघम वापरायचे नाहीत, नेमका खुलासा आणि आधार द्यायचा. तुमच्या व्हॉट्सऍप जाहिरातीत सरळ लिहा: "ऍसिड आणि ब्लीच वापरत नाही. वापरतो ते: खायचा सोडा, व्हिनेगर, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड." माझ्या मते हे वाचून विश्वास जास्त बसतो. टी-ट्री तेलाचाही फार बोलबाला आहे, पण ते महाग आहे आणि मांजर-कुत्र्यांना विषारी ठरू शकतं. घरात प्राणी असतील तर नकोच.

आता हिशोब. भाव तुमच्या गावचे घाला, मी उदाहरण देतो. साहित्य, मास्क, हातमोजे ९० रुपये. रिक्षा येऊन-जाऊन १२०. प्रवास धरून तीन तास, तासाला १५० प्रमाणे ४५०. झाले ६६०. म्हणजे ताईंचं पाचशेचं काम उंबरठा शाबूत राहिला असता तरी तोट्यातच होतं! यात पंधरा दिवसांनंतरची दुसरी भेट घाला: रिक्षा १२०, दीड तासाचे २२५. एकूण १,००५. म्हणजे १,३०० च्या खाली मी तरी काम घेणार नाही. एकाच बिल्डिंगमध्ये दोन घरं मिळाली तर रिक्षा वाटली जाते, तेव्हा थोडं कमी करा. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. जीएसटीची नोंदणी आपल्या राज्यात सेवांसाठी साधारणपणे वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर लागते.

ती दुसरी भेट फुकट देऊ नका आणि वगळूही नका. त्या भेटीत तुम्ही काय करता? जाळी काढून धुता. अंघोळीनंतर एक्झॉस्ट वीस-तीस मिनिटं चालू राहतो का ते विचारता. दाराला वायपर अडकवून देता आणि शेवटी अंघोळ करणाऱ्याने भिंत वरून खाली ओढायची हे घरातल्या सगळ्यांना दाखवता. पाचशेच्या आत मिळणारा आर्द्रता मोजणारा छोटा मीटर सोबत ठेवा. अंघोळीनंतर दोन तासांनीही आकडा ६० च्या वरच अडकला असेल तर गिऱ्हाईकाला तो दाखवा. मात्र जुलैत बाहेरचीच हवा ८०-९० वर असते, तेव्हा आकड्यापेक्षा भिंत हाताला कोरडी लागते का ते बघा.

ताई आता मे महिन्यातच बिल्डिंगच्या ग्रुपवर "पावसाळ्याआधी बाथरूम तपासणी" टाकतात. बिलावर आधीचा फोटो, वापरलेल्या साहित्याची यादी आणि दगडी उंबरठ्याची आधीची स्थिती असते, गिऱ्हाईकाच्या सहीसकट.

या आठवड्याचा गृहपाठ: पहिलं काम स्वतःच्या बाथरूमचं करा. आज फोटो काढा, वर सांगितल्याप्रमाणे साफ करा, किती मिनिटं लागली आणि साहित्य किती संपलं ते वहीत लिहा. रोज वायपर मारा. पंधराव्या दिवशी त्याच जागेचा, त्याच कोनातून फोटो काढा. दोन्ही फोटो बाजूबाजूला ठेवण्यासारखे आले, की मगच शेजारच्या काकूंकडे पहिली ऑर्डर मागायला जा.