गाडीबाहेरचे इंजिन

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेस, पैनगंगेच्या खोऱ्यात, उमरखेड तालुक्यात ढाणकी हे गाव आहे. हा काळ्या मातीचा आणि कापसाचा मुलूख. पूर्वी अशा गावात बैलगाडीच्या चाकावर धाव चढवायला लोहार लागे आणि नांगर घडवायला सुतार लागे. आता त्यांच्या जोडीला वेल्डिंगची दुकाने व मोटारदुरुस्तीची गॅरेजे आली आहेत. ट्रॅक्टरची ट्रॉली, विहिरीवरचा पंप, मोटारसायकल, जुनी जीप, जे मोडेल ते तेथे येते. शाळा सुटल्यावर घरी जाणारी मुले अशा दुकानांपुढे हटकून रेंगाळतात. त्यातही एखाद्या गाडीचे इंजिन साखळीला टांगून वर उचलले जात असेल, तर मग मुलांना घरची आठवणच उरत नाही.

गावचा कारागीर जे काम पोटासाठी करतो, तेच काम जगात कित्येक माणसे निव्वळ हौसेखातर आपल्या घरी करतात. इंग्लंडमध्ये थेम्स नदीच्या काठी अॅबिंग्डन नावाचे गाव आहे. तेथील कारखान्यात 1962 पासून 1980 पर्यंत ‘एम. जी. बी.’ या नावाची गाडी तयार होत असे. ही बुटकी, लांब नाकाची व वेगवान गाडी मुख्यतः दोन माणसांसाठी असे. अशा गाड्यांना ‘स्पोर्ट्स कार’ म्हणतात. पाच लाखांहून अधिक एम. जी. बी. गाड्या तयार झाल्या. कारखाना बंद होऊन चाळीस वर्षे उलटली, तरी त्यांतील पुष्कळ गाड्या रस्त्यावर आहेत. कारण त्यांचे मालक घरामागच्या छपरात त्यांची इंजिने स्वतः उतरवतात, दुरुस्त करतात आणि पुन्हा बसवतात. आपल्याकडे ही हौस जुन्या फियाट गाड्यांवर भागवली जाते. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात या गाड्या बनत. स्पोर्ट्स कार असो वा फियाट, दोहोंच्या इंजिनांत चार सिलिंडर असतात, दोहोंची बांधणी साधी असते आणि दोन्ही इंजिने काढण्याची रीतही जवळजवळ एकच आहे.

पाहणाऱ्याला वाटते, की या कामात खरा पराक्रम उचलण्याचा आहे. वस्तुतः तो भाग सर्वांत शेवटी येतो आणि तासाभरात उरकतो. त्याआधीचे एक-दोन दिवस इंजिन सोडवण्यात जातात. गाडीतले इंजिन हे मोठ्या झाडासारखे असते. वरून एक बुंधा दिसतो, पण खाली त्याची मुळे चहूकडे पसरलेली असतात. पाण्याच्या नळ्या, पेट्रोलची नळी, विजेच्या तारा, धूर बाहेर नेणारा नळ, पायाखालच्या पट्टीपासून आलेली वेगाची तार, मागे जोडलेला गिअरबॉक्स आणि खाली आधाराला असलेले रबराचे ठोकळे ही सारी त्याची मुळेच होत. यांतील एक जरी विसरले आणि साखळी ओढली, तर ते तुटते किंवा गाडीच वर उचलली जाते.

म्हणून आधी बॅटरी सोडवतात. बॅटरीला दोन तारा असतात. त्यांपैकी गाडीच्या पत्र्याला जोडलेली, म्हणजे बहुधा ऋण टोकाची तार प्रथम काढायची असते. हा क्रम उलटा केला आणि धन टोकाचा बोल्ट सैल करताना पाना चुकून पत्र्याला टेकला, तर बॅटरीतील सारी वीज त्या पान्यातून धावते. ठिणग्या उडतात व पाना हात भाजण्याइतका तापतो. ऋण तार आधी निघालेली असली, तर विजेचा मार्गच तुटलेला असतो आणि पाना पत्र्याला लागला तरी काही होत नाही. दोन बोल्ट तेच, पाना तोच आणि हातही तोच. फरक फक्त क्रमाचा.

पेट्रोलच्या नळीचेही असेच आहे. ती सोडून तिचे तोंड बंद करावे लागते, आणि त्या वेळी जवळपास विडी, शेगडी वा वेल्डिंग काहीही चालत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून न जाता जमिनीलगत पसरते, खड्ड्यात साचते आणि दूर ठेवलेल्या ज्योतीपर्यंत सरपटत जाऊ शकते. वास येत नाही म्हणून धोका गेला, असे समजणारे फसतात. रेडिएटरमधील पाणी मात्र इंजिन पुरते थंड झाल्यावरच सोडावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले, तर दाबाखालचे उकळते पाणी कारंज्यासारखे उडते. भाजण्याचे कितीतरी अपघात या एका घाईने झालेले आहेत.

पुढचे काम कंटाळवाणे, पण चांगल्या कारागिराची पारख त्यातच होते. काढलेल्या प्रत्येक तारेला तो चिंधी किंवा कागद बांधून खूण करतो. नट-बोल्ट एकाच डब्यात न टाकता ज्या भागाचे त्या भागाच्या पिशवीत ठेवतो. बॉनेट काढण्यापूर्वी बिजागरीभोवती खडूने रेघ ओढतो, म्हणजे पुढे ते नेमके त्याच जागी बसते. धुराच्या नळाचे नट गंजून घट्ट बसलेले असतात. त्यांच्याशी झटापट न करता तो त्यांवर पातळ तेल सोडतो आणि रात्रभर थांबतो. नवशिका मात्र लांब नळी लावून जोर करतो, बोल्ट मधोमध मोडतो, आणि मग तो मोडका तुकडा काढण्यात त्याचे दोन दिवस जातात.

आता उरते जोडणी गिअरबॉक्सची. इंजिनाच्या मागील टोकाला एक जड लोखंडी चाक असते. त्याला फ्लायव्हील म्हणतात. गाडी साध्या वेगात असली, तरी हे चाक मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेत असते. त्यावरून एक जाड ओतीव कवच बसवलेले असते आणि त्याचा आकार घंटेसारखा असतो. कवचाचे बोल्ट काढण्यापूर्वी गिअरबॉक्सखाली जॅक द्यावा लागतो. नाहीतर इंजिन सुटताच त्याचे तोंड खाली कोसळते. सर्वांत शेवटी रबराच्या ठोकळ्यांचे बोल्ट निघतात. आता इंजिन गाडीत केवळ ठेवलेले असते.

जुन्या पद्धतीच्या ओतीव लोखंडी इंजिनाचे वजन दीडशे किलोंच्या घरात असते. एकट्या माणसाने ते उचलायचे ते चेन-कप्पीने. तीन जाड नळ्यांच्या घोडीला ही कप्पी टांगतात. तिच्या आत दातेरी चाके असतात. समजा, हाताने चाळीस हात साखळी ओढली की ओझे फक्त एक हात वर चढते. तर मग घर्षण सोडल्यास जोरही ओझ्याच्या चाळिसाव्या भागाइतकाच लागतो. दीडशे किलोंना चार किलोंहून कमी! बारा वर्षांच्या मुलालाही ते जमेल. पण जोर कमी लागतो म्हणून ओझे हलके होत नाही. साखळीला टांगलेले इंजिन दीडशे किलोंचेच असते, आणि म्हणून जाणता कारागीर त्याच्या खाली कधी हात घालीत नाही, की पाय ठेवीत नाही. तो इंजिन थोडे पुढे सरकवतो, गिअरबॉक्सच्या दांड्यावरून सरळ रेषेत मोकळे करतो, वर घेतो. मग टांगते इंजिन हलवण्याऐवजी खालची गाडीच मागे ढकलतो आणि इंजिन लाकडी ओंडक्यांवर टेकवतो.

ओंडक्यांवरचे ते इंजिन मोठे आकर्षक दिसते. त्याला पेट्रोल, बॅटरी आणि थंड करायला पाणी दिले, तर ते तेथेही सुरू होईल. त्यापासून पंप चालेल, पिठाची गिरणी चालेल, आणखीही बरेच काही चालेल. मात्र एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. इंजिन बाहेर आले, तरी त्याची शक्ती आवरणाऱ्या वस्तू गाडीतच राहिल्या. वेग कमी करणारा गिअरबॉक्स, फिरणाऱ्या भागांवरची कवचे आणि माणूस व यंत्र यांच्यामधला लोखंडी पडदा ही सारी मागे राहिली. गाडी बनवणाऱ्यांनी वर्षानुवर्षे अनुभव घेऊन या वस्तू बसवलेल्या असतात. इंजिनाचा नवा उपयोग करणाऱ्याला त्या सर्व पुन्हा, आणि स्वतः, निर्माण कराव्या लागतात.

ढाणकीच्या उमरखेड तालुक्याला लागून महागाव तालुका आहे. तेथील फुलसावंगी या गावी शेख इस्माईल नावाचा एक तरुण कारागीर राहत असे. गावातले लोक त्याला मुन्ना म्हणत. आठवीनंतर त्याची शाळा सुटली होती. वेल्डिंग आणि पत्र्याची कपाटे बनवणे हा त्याचा व्यवसाय होता. या तरुणाने आपल्या हातांनी हेलिकॉप्टर बनवायला घेतले. त्यासाठी त्याने मारुती 800 या मोटारीचे इंजिन वापरले. ही लहान गाडी 1983 पासून भारतात बनू लागली. तिच्या इंजिनात तीन सिलिंडर असतात आणि ते जुन्या फियाटच्या इंजिनापेक्षा पुष्कळ हलके असते. उडणाऱ्या यंत्रासाठी हलके इंजिन हवे, हे त्याने बरोबर ओळखले होते. सुमारे दोन वर्षे तो या कामी खपला. पत्रा कापणे, नळ्या जोडणे, पाती बसवणे, सारे त्याने केले. स्वातंत्र्यदिनी ते यंत्र गावाला दाखवावे, असा त्याचा मनोदय होता.

हेलिकॉप्टरला दोन ठिकाणी पाती असतात. डोक्यावरची मोठी पाती यंत्राला उचलतात. पण ती एका दिशेने फिरू लागली, की खालचा सांगाडा उलट दिशेने फिरू पाहतो. त्याला रोखण्यासाठी शेपटीवर लहान पाती लावतात. ही पाती दिसायला पंख्यासारखी असली, तरी त्यांच्यावर पडणारा ताण घरातल्या पंख्याहून कितीतरी अधिक असतो. हिशोब करून पाहावा. दोन मीटर लांबीचे पाते मिनिटाला तीनशे फेरे घेत असेल, तर त्याचे टोक ताशी सुमारे सव्वादोनशे किलोमीटर वेगाने धावते. त्या टोकाशी केवळ एक किलो वजन असले, तरी ते पात्याच्या मुळाला सुमारे दोनशे किलोंच्या ओझ्याइतक्या जोराने बाहेर ओढते. म्हणजे चेन-कप्पीला टांगलेल्या इंजिनाहूनही अधिक भार, आणि तोही एका जोडावर! मोटारीत फ्लायव्हीलवर जसे ओतीव कवच असते, तसे या पात्यांवर बसवता येत नाही. हवा कापण्यासाठी ती उघडीच असावी लागतात.

2021 च्या ऑगस्ट महिन्यात एका रात्री शेख इस्माईल आपल्या यंत्राची चाचणी घेत होता. तो यंत्रात बसलेला होता आणि इंजिन सुरू होते. एकाएकी शेपटीचे पाते तुटले व वरच्या मोठ्या पात्यावर आदळले. ते मोठे पाते त्याच्या डोक्याला लागले. त्याचे वय चोवीस वर्षांचे होते.

हे काम मोठ्या कारखान्यांतही कधी सोपे नव्हते. तेव्हाच्या रशियन साम्राज्यात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले अभियंते इगोर सिकोर्स्की यांनी हेलिकॉप्टर बनवले, तेव्हा त्यांच्या पाठीशी विमाने बांधण्याचा दीर्घ अनुभव व सुसज्ज कारखाना होता. तरीही 14 सप्टेंबर 1939 रोजी त्यांनी आपले यंत्र प्रथम उचलले, ते दोरांनी जमिनीशी बांधून. यंत्र काही क्षण वर आले आणि लगेच खाली टेकले. त्यानंतर अनेक महिने पाती बदलणे, शेपटी बदलणे, पुन्हा बांधणे, पुन्हा उचलणे, असे चालले होते. यंत्राच्या कितीतरी चुका त्या दोरांनी सांभाळून घेतल्या. 13 मे 1940 रोजी ते यंत्र दोरांवाचून उडाले.

फुलसावंगीचे यंत्र त्या रात्री उडाले नव्हते. त्याची ती जमिनीवरचीच चाचणी होती. स्वातंत्र्यदिनाला तेव्हा थोडेच दिवस उरले होते.