शाळेतली सुरक्षा: पैसे कुठे द्यायचे, कुठे नाही

फीच्या पावतीवरची प्रत्येक ओळ वाचा. ‘सुरक्षा शुल्क’, ‘अ‍ॅप शुल्क’ असं काही जोडलेलं दिसलं, तर पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीने ते मंजूर केलंय का, हे लेखी विचारा. महाराष्ट्रातल्या २०११ च्या शुल्क कायद्यानुसार ठरलेल्या शुल्काहून जास्त रक्कम शाळेला घेता येत नाही. सीसीटीव्ही तर २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाने बंधनकारकच केले आहेत. कॅमेरे भिंतीवर दिसतात, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून झालेली चारित्र्य पडताळणी दिसत नाही. तीही त्याच निर्णयात आहे. पालकसभेत विचारायची ती हीच, आणि कंत्राटी सफाई कामगार, शिपाई यांच्याबद्दल आधी.

विम्यासाठी पैसे मागितले, तर थांबा. राज्य सरकारची राजीव गांधी विद्यार्थी सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना पहिली ते बारावीच्या मुलांसाठी आधीच आहे आणि तिचा हप्ता पालकांना भरावा लागत नाही. जून २०२२ पासून अपघाती मृत्यूला दीड लाख, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे कायमचे गेल्यास एक लाख, एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास ७५ हजार रुपये मिळतात. शस्त्रक्रिया करावी लागली, तर प्रत्यक्ष खर्च, कमाल एक लाख. आत्महत्या, नैसर्गिक मृत्यू, नशेतला अपघात यांना मदत नाही.

अर्ज मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. अडतो तो कागदांवर. एफआयआरची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा, अपंगत्व असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांचा दाखला, मृत्यू असेल तर मृत्यूचा दाखला. अपघात झाला त्याच दिवशी पोलिसांत नोंद करा. ‘आपसात मिटवू’ म्हणून सोडून दिलं, की पंचनामा राहून जातो आणि दावा तिथेच संपतो. दवाखान्याची मूळ बिलं स्वतःजवळ ठेवा, पुढे फक्त झेरॉक्स द्या आणि पोच घ्या. ‘काम करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाचं इथे काही काम नाही.

व्हॅन ठरवताना भाड्याआधी नंबरप्लेट पाहा. पांढरी पाटी म्हणजे खासगी वाहन. ते भाड्याने मुलं नेत असेल, तर अपघातानंतर विमा कंपनी दावा अडवू शकते. महिन्याला दोनतीनशे वाचतात म्हणून अशी व्हॅन घेऊ नका. फिटनेस, विमा, पीयूसी यांच्या तारखा एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून फुकट पाहता येतात. भाडं दहा महिन्यांचं की बारा, मे महिन्यात निम्मं की पूर्ण, मध्येच सोडल्यास अनामत परत किती, हे लिहून घ्या. तोंडी ठरलेलं एप्रिलमध्ये कुणालाच आठवत नाही. बसबाबत तक्रार असेल, तर शाळेची परिवहन समिती असते. तिचे अध्यक्ष मुख्याध्यापकच, त्यामुळे ‘बस आमची नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. रस्ते अपघातात २०२५ च्या केंद्रीय योजनेनुसार नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंतचे उपचार रोख न भरता होतात. भरती करतानाच या योजनेत उपचार हवेत, असं सांगा.

घरून शाळेला एक पान द्या: मुलाचा फोटो, रक्तगट, अ‍ॅलर्जी, चालू औषधं, दोन पालकांचे नंबर आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या एका नातेवाइकाचा. मुलाला न्यायला कोण येऊ शकतं, त्यांचे फोटो सोबत. साध्या कागदावर सही पुरते, स्टॅम्पपेपर करायला लावला तर नियम दाखवायला सांगा. जीपीएस घड्याळ घेत असाल, तर किमतीसोबत सिमचा दर महिन्याचा रिचार्ज धरा, आणि शाळा ते वर्गात घालू देते का हे आधी विचारा. बऱ्याच शाळा देत नाहीत.

पावसात शाळा सुटल्याचा व्हॉट्सअ‍ॅप निरोप आला, तर शाळेला फोन करून खात्री करा. जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, मुंबईत महापालिकेचा १९१६. तातडीला ११२, रुग्णवाहिकेला १०८ (मोफत), मुलांच्या तक्रारीसाठी १०९८.

लैंगिक छळाची तक्रार असेल, तर शाळेच्या ‘अंतर्गत चौकशी’ची वाट पाहू नका. कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंद होते, एफआयआरची प्रत मोफत मिळते, खासगी रुग्णालयालाही पीडित मुलाकडून प्रथमोपचाराचे आणि उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. जबाब घरी घेता येतो आणि जबाब घेणारे पोलीस गणवेशात नसावेत, असं पॉक्सो कायदा सांगतो.

अग्निसुरक्षेचं फॉर्म-बी प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. शाळा खासगी असल्याचं सांगून दाखवत नसेल, तर शाळेशी वाद घालू नका. महापालिकेच्या अग्निशमन विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज करा: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर दीडशे शब्दांच्या आत, प्रतीला पानामागे दोन रुपये, उत्तराला ३० दिवस.