जखम, पंप आणि उतारशाळेतले दिवस



चांगल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यावर (लूक १०) मी पाड्यापाड्यांवर पुष्कळदा बोलले आहे. माझा भर नेहमी तेल आणि द्राक्षारसावर असायचा. उतारशाळेपाशी मी कधी थांबलेच नव्हते. गेल्या हिवाळ्यात मधुमेहाने पाय चिघळलेल्या एका काकांसोबत दवाखान्याच्या खेपा घातल्या, तेव्हा दाखल्याचा तो अर्धा भाग मी नीट वाचला.

काका नवापूर तालुक्यातले. दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. फडात तोडलेल्या उसाचा बुडखा तळव्यात घुसला आणि तरी ते आठ दिवस काम करत राहिले. "दुखतच नव्हतं ताई," ते म्हणाले. हेच तर घातक! रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. काटा, निखारा, चपलेतला खडा, काहीच कळत नाही. कुष्ठरोग्यांच्या पायांचेही असेच होते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांवर जे काम केले, त्यातून मिळालेले ज्ञान पुढे मधुमेहींच्या पायांसाठीही उपयोगी पडले. वेदना हे देवाने दिलेले राखणदार आहे, ही गोष्ट आपल्या मिशन दवाखान्यांना जुनी आहे.

घरच्यांनी पाला वाटून बांधला होता. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या ओळखीच्या जखमा त्याने भरत आल्या आहेत. पण दवाखान्यात फडके सोडले तेव्हा खोलीभर वास पसरला. दोन बोटे काळी पडली होती आणि शुगर चारशेच्या वर होती.

डॉक्टरांनी यंत्र लगेच लावले नाही, हे नीट लक्षात घ्या. आधी इन्सुलिन आणि शिरेतून प्रतिजैविके. मग पावलाची नाडी तपासली, कारण रक्तच पोहोचत नसेल तर वरून काहीही लावून उपयोग नाही. हाडापर्यंत पू गेला आहे का ते पाहायला एक्स-रे. त्यानंतर थिएटरमध्ये दोन्ही बोटे आणि सडलेले मांस काढून टाकले. सडके तसेच ठेवून वरून यंत्र लावणे म्हणजे घाणीवर झाकण घालणे.

मग आले व्हॅक ड्रेसिंग. जखमेच्या मापाचा निर्जंतुक स्पंजचा तुकडा कापून आत बसवतात, वरून पारदर्शक चिकट पडदा हवाबंद लावतात आणि त्याला छोटे भोक पाडून नळी जोडतात. नळीच्या दुसऱ्या टोकाला पंप आणि डबा. पंप हवा ओढतो, स्पंज आक्रसतो, पाझरणारे पाणी डब्यात जाते. दाब साधारणपणे पाऱ्याच्या १२५ मिलिमीटरइतका उणा ठेवतात. सूज उतरते, कडा जवळ येतात, तळाशी लाल दाणेदार नवे मांस धरू लागते. स्पंज दर दोन-तीन दिवसांनी बदलावा लागतो. ही पद्धत अमेरिकेतील अर्जेंटा आणि मॉरिकवास या दोघांनी विकसित करून १९९७ मध्ये प्रसिद्ध केली.

गुण किती येतो? पावलाचा काही भाग कापावा लागलेल्या १६२ मधुमेहींची एक चाचणी अमेरिकेत झाली आणि २००५ मध्ये छापून आली. १६ आठवड्यांत यंत्र लावलेल्यांपैकी ५६ टक्के लोकांच्या जखमा भरल्या, इतर ड्रेसिंगवाल्यांपैकी ३९ टक्के. जर्मनीत पुढे झालेल्या मोठ्या चाचणीत मात्र जखम पूर्ण भरण्याच्या बाबतीत असा फरक दिसला नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे. यंत्राचा फोटो देणगीदारांना दाखवायला सोपा असतो, त्यामुळे आम्हीही त्याच्या मोहात पडतो.

आमची चूक पाचव्या रात्री झाली. वीज गेली, पंपाची बॅटरी जुनी होती आणि यंत्र पी-पी करू लागले. खोलीतल्या बाकीच्यांची झोप मोडू नये म्हणून काकींनी बटण दाबून ते बंद केले. पंप दोन तासांहून जास्त बंद राहिला तर स्पंज काढून टाकायचा असतो, नाहीतर साचलेल्या ओलीत जंतू वाढतात. इथे तो सकाळपर्यंत तसाच राहिला. पडदा काढला तेव्हा पुन्हा तोच वास. काकांना परत थिएटरमध्ये न्यावे लागले. यंत्राला हात लावू नका, एवढेच मी काकींना सांगितले होते, तेही मराठीत. त्या घरी मावची बोलतात. आवाज आला तर नर्सला उठवायचे, हे मी त्यांना कोणत्याच भाषेत सांगितले नव्हते. त्या दिवशी काकींनी माझीच क्षमा मागितली. मला मान वर करवेना.

त्यानंतर काकांची सून, जी दोन्ही भाषा बोलते, ती सोबतीला राहिली. तिची मजुरी बुडाली. घरी लहान मूल, त्याला शेजारणीने सांभाळले. सुनेने काकांना त्या पायावर एकदाही उभे राहू दिले नाही, संडासलासुद्धा. जखमेवर रोज भार पडत राहिला तर पंपाने आठवड्यात भरलेले एका दिवसात फाटते. तुमच्या देणगीतला मोठा वाटा या मुक्कामावर, सोबतीणीच्या जेवणावर आणि एसटीच्या तिकिटांवर गेला. शोमरोनी माणसाने उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले आणि जास्त लागेल ते परत येताना देईन म्हणाला. तो खर्च कशाचा असेल, ते आता मला कळते.

साडेतीन आठवड्यांनी जखमेचा तळ लालभडक आणि स्वच्छ झाला. मांडीची पातळ कातडी काढून तिथे लावली, ती धरली. काका तीन बोटांच्या पावलावर चालतात. मऊ रबराच्या तळाची चप्पल त्यांना करून दिली आहे.

मागच्या महिन्यात पाड्यावर गेले तर चप्पल खुंटीला टांगलेली आणि काका अंगणात अनवाणी. "झिजेल म्हणून ठेवलीय," म्हणाले. मी ती काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. सुनेने त्यांचा पाय मांडीवर घेतला, तळवा उजेडात धरून पाहिला आणि मगच चप्पल घातली. रोज संध्याकाळी दिवा लावायच्या आधी ती असे पाहते, असे काकींनी सांगितले.