बंदुकीवरील दुर्बीण : अल्प खर्चांत चांगली कशी निवडावी

आमच्या मंडळाचे पुष्कळ सभासद अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशा उपनगरांत राहतात. परंतु त्यांची शेती शहापूर, मुरबाड, वाडा या बाजूस किंवा खालीं कोंकणांत आहे. भाताच्या लोंब्या भरूं लागल्या कीं रानडुकरांचा उपद्रव सुरू होतो, आणि मग शेतीच्या बंदुकीवर दुर्बीण बसवावी काय, बसविल्यास कोणती, असें आम्हांस वारंवार विचारण्यांत येतें. महसूल खात्यांत कारकुनी करतांना पीकनुकसानीचे पंचनामे आम्हीं पुष्कळ लिहिले, आणि बंदूकही बाळगली. त्या अनुभवावरून चार गोष्टी येथें सांगत आहों.

प्रथम कायद्याची गोष्ट. सन १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें बंदुकीस परवाना लागतो, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी आहे. उभ्या पिकाची नासाडी करणारा डुक्कर मारावयाचा झाला तरी अधिकृत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी अगोदर घ्यावी लागते. बोरिवली व मुलुंड यांच्या मध्यें पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत तर अशा परवानगीवांचून शस्त्र घेऊन शिरणें हाच गुन्हा आहे.

दुसरी गोष्ट, दुर्बीण मुळांत हवी काय ? कोंकणांतील बहुतेक शेतीसंरक्षक बंदुका ठासणीच्या किंवा छऱ्याच्या आहेत. त्यांचा मारा तीस-चाळीस वारांपलीकडे भरंवशाचा नसतो. अशा बंदुकीवर दुर्बीण बसविणें म्हणजे बैलगाडीस घोड्याचा लगाम घालणें होय. माशीवर नेम धरून सराव करावा, तेवढें पुरे. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनीं ता. १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफलच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. त्या स्पर्धेंत बंदुकीवर दुर्बीण चालतच नाहीं. बारीक छिद्रांतून नेम धरावा लागतो. सारांश, नेम हाताचा व श्वासाचा आहे, कांचेचा नव्हे.

ज्यांचेजवळ ०.२२ किंवा ०.३१५ ची रायफल आहे, त्यांनीं मात्र पुढील हिशेब समजून घ्यावा. दुर्बिणीवर ‘४×३२’ असे आंकडे असतात. पहिला आंकडा वस्तु किती पट मोठी दिसते तो. दुसरा पुढील भिंगाचा व्यास, मिलिमीटरांत. दुसऱ्यास पहिल्यानें भागावें. जो भागाकार येईल, तेवढ्या रुंदीचा प्रकाश डोळ्यास मिळतो. तरुणाची बाहुली अंधारांत सुमारें ७ मिलिमीटर उघडते. आमच्या वयांत ५ च्या आसपास. ४×३२ चा भागाकार ८ येतो, म्हणजे भरपूर. १२×३२ चा तीनाहूनही कमी. तिन्हीसांजेस ती निरुपयोगी.

हा हिशेब आम्ही फार उशिरां शिकलों. मोठ्या आंकड्यांस भुलून व स्वस्त मिळाली म्हणून आम्हीं १२ पटीची एक दुर्बीण घेतली होती. भाद्रपदांतील एका सायंकाळीं, रीतसर परवानगी खिशांत असतां, बांधाकडेला कांहींतरी काळें हलतांना तिच्यांतून दिसलें. बोट चापावर गेलें होतें. इतक्यांत तें काळें उभें राहिलें. काळ्या घोंगडीची खोळ घेतलेला आमचा शेजारी वाकून बांधाचें पाणी अडवीत होता. बारा पटींमुळें आजूबाजूचें कांहीं दिसत नव्हतें, आणि अपुऱ्या प्रकाशामुळें जें दिसलें तें ओळखूं येत नव्हतें. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं.

म्हणून अल्प खर्चांत ४ पटीची, स्थिर पटीचीच दुर्बीण घ्यावी. पट कमीजास्त होणाऱ्या दुर्बिणींत भिंगें व हलते भाग अधिक. तितक्याच पैशांत स्थिर पटीच्या दुर्बिणीचें भिंग बहुधा अधिक चांगलें मिळतें. दुकानांत पुढीलप्रमाणें परीक्षा करावी.

१. पूर्ण चित्र दिसत असतां डोळा भिंगापासून निदान तीन इंच दूर राहिला पाहिजे. ०.३१५ चा धक्का जोराचा असतो. अंतर कमी पडल्यास भुवई फुटते.

२. दुर्बीण टेकवून शंभर वारांवरील खूण पाहावी व डोळा थोडा इकडेतिकडे हलवावा. आंतील फुली खुणेवरून सरकूं लागल्यास घेऊं नये.

३. थंड हवेच्या दुकानांतून बाहेर दमट रस्त्यावर यावें. भिंगाच्या बाहेर धरलेलें दंव पुसतां येतें; आंत धरल्यास ती नळी पावसाळ्यास नालायक समजावी.

हवेच्या बंदुकीसाठीं मात्र तिच्याचसाठीं केलेली दुर्बीण मागावी. स्प्रिंगच्या दुहेरी धक्क्यानें साधी लवकर बिघडते.

दुर्बिणींत वाचविलेला पैसा कड्यांवर खर्च करावा. कडीं सैल असलीं तर उत्तम भिंगही व्यर्थ. तीं परवानाधारक कारागिराकडूनच बसवून घ्यावींत. नंतर मान्यताप्राप्त चांदमारीवर नेम जुळवावा. बहुधा एका टिचकीनें शंभर वारांवर गोळी पाव इंच सरकते. म्हणजे पन्नास वारांवर इंचास आठ टिचक्या. वीस टिचक्या वर, वीस उजवीकडे, वीस खालीं, वीस डावीकडे देऊन पाहावें. शेवटची गोळी पहिल्या जागीं आली तर माल खरा.

उपनगरांतील पावसाळी हवेंत भिंगावर बुरशी धरते. कातडी पिशवींत दुर्बीण ठेवूं नये. घट्ट झाकणाच्या डब्यांत ओलावा शोषणाऱ्या सिलिकेच्या पुडीसह ठेवावी.

शेवटीं एकच विनंती. बंदुकीवरील दुर्बीण पाहण्यासाठीं नाहीं. तिच्यांतून ज्याकडे पाहाल त्याकडे नळीही वळते. ओळख पटविण्यासाठीं हातांतील ७×३५ किंवा ८×४० ची साधी दुर्बीण निराळी ठेवावी. दोहोंपैकीं एकीपुरतेच पैसे असतील तर हातांतली घ्यावी. काय आहे हें कळलें नाहीं, तर बंदूक खालीं ठेवावी. डुकरानें खाल्लेल्या भाताचा पंचनामा करतां येतो, भरपाईही मागतां येते. चुकलेल्या गोळीची भरपाई कोणत्याही कचेरींत नाहीं.